सव्वादोनच्या बांगड्या

त्या वर्षी चैत्र लागला तरी द्राक्षं संपली नव्हती. फाल्गुनात दोनदा आभाळ भरून आलं, दोनदा बागायतदारांनी देव पाण्यात ठेवले आणि दोनदा आभाळ न बरसता मालेगावकडं निघून गेलं. देवांची पत वाढली आणि मालही लांबला. पिंपळगावच्या माळावरच्या पॅकहाऊसवर सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत क्रेट उतरत होते. बाहेर ऊन असं की डांबराला चप्पल चिकटावी, आणि आत यंत्राच्या गारव्यात ऐंशी बाया साडीवर स्वेटर घालून घड निवडत बसलेल्या. उन्हाळ्यात स्वेटर विकत घेणारं गाव म्हणून पिंपळगावचं नाव व्हायला हरकत नव्हती.

सरिताचा हा तिसरा हंगाम. घड देठानं उचलायचा, मण्याला बोट लावायचं नाही, छोट्या कात्रीनं सडका-बारका मणी काढायचा, पिशवीत घड अलगद बसवायचा. तिचा हात असा चाले की शेजारची बाई एक पेटी भरीपर्यंत तिची दुसरी अर्धी झालेली असे. यात तिला विशेष काही वाटत नव्हतं. घरी सकाळी साडेचार ते साडेसहा या वेळात ती जे करी, त्यापुढं द्राक्षं म्हणजे आरामाचं काम होतं.

साडेचारला उठायचं. पाचला नळाला पाणी येई आणि वीस मिनिटांत कोणाचंही देणं लागत नसल्यासारखं निघून जाई. त्या वीस मिनिटांत तिची नववीतली मुलगी स्नेहा हंडे लावी, आणि पाचवीतला सुयश 'मी झोपलोय' असं मोठ्यानं सांगे. भाकरी थापताना स्नेहा मागं उभी राहून आईची वेणी घाली, कारण आईचे हात पिठात असत आणि वेळ दोघींकडं नसे. चार डबे भरायचे. नवरा झुंबर स्वतःच्या जुन्या टेम्पोतून आग्रा रोडवर कांदा आणि क्रेट वाही. त्याचा डबा मोठा. सुयशच्या डब्यात काही घातलं तरी तो परत आणी, म्हणून त्याचा डबा सगळ्यांत छोटा. सासू सुलाबाई शेळीला चारा टाकता टाकता सगळ्यांच्या चुका काढी. घर असं रोज बरोबर साडेसहाला सुटे.

संध्याकाळी खाली गळालेले मणी घरी न्यायला परवानगी होती. परदेशी जाणाऱ्या घडाचे मणी खाणारी तालुक्यातली एकमेव शेळी सरिताच्या दारात होती. तिला साधा पाला आवडेनासा झाला होता.

त्या चैत्रात पॅकहाऊसचे मॅनेजर खंडेराव यांनी सरिताला बाजूला बोलावलं. खंडेराव हा माणूस चांगली बातमीही नोटीस वाचल्यासारखी सांगे.

"बुधवारी सकाळी माल घेणारे परदेशचे साहेब येणार. पहिल्या टेबलावर तू बसायचं. हात, नखं, काम, सगळं बघणार. नीट पार पडलं तर एका बाईला बारमाही ठेवायचं चाललंय. द्राक्षं संपली की डाळिंब, मग भाजी. नऊ ते पाच. मी तुझं नाव घातलंय. सध्या बोलू नको कुठं."

सरिता "बरं" म्हणाली आणि टेबलाशी येऊन बसली. तिनं पुढचे चार घड उगाचच जास्त जपून निवडले.

बारमाही म्हणजे काय, हे तिलाच ठाऊक. द्राक्षं संपली की ती छाटणीच्या टोळीत जाई. टेम्पो पहाटे दिंडोरीकडं निघायचा आणि अंधार पडल्यावर परत यायचा. वर्षातले सात-आठ महिने मुलं आईला विजेच्या दिव्याखाली ओळखत. मागच्या साली बाजाराच्या सुट्टीला ती दुपारी ओट्यावर उभी होती, तर सुयश म्हणाला होता, "आई, तुझ्या कपाळावर हा वण कधी पडला?" वण लग्नाच्या आधीचा होता.

तर ही बारमाहीची गोष्ट तिनं घरात कोणाला सांगितली नाही. होईपर्यंत बोललं की नजर लागते, हे तिला सुलाबाईनंच शिकवलं होतं. आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

कारण सुलाबाईच्या पोटातही एक न बोललेली गोष्ट होती.

पॅकहाऊसच्या फाटकाशी पाटी होती: बांगडी, टिकली, गजरा, नेलपॉलिश आत आणू नये. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत. फाटकावरची भिमाबाई शाळामास्तरसारखी पट्टी घेऊन नखं मोजी. सरिता घरून दोन सैल बांगड्या घालून निघे, फाटकाशी उतरवून खिळ्याला टांगे आणि परतताना पुन्हा घाली. माघात नणंदेच्या मुलीचा नामपूरला साखरपुडा होता. त्या दिवशी काम सुटायला उशीर झाला. झुंबरनं टेम्पो फाटकाशीच आणला आणि सरिता तशीच धावत येऊन बसली. बांगड्या खिळ्यावर राहिल्या, टिकली आरशाला.

नामपूरला मांडवात हळदीकुंकवाचं ताट फिरत फिरत आलं. ताटवालीनं सरिताचे भुंडे हात पाहिले, कोरं कपाळ पाहिलं, आणि ताट पुढं नेलं. शेजारी सुलाबाई बसलेली. तिचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. तिला ताट चुकतं याची सवय होती. ताटवाली हळहळून तिला अहिराणीत म्हणाली, "हाई तुमनी सून शे का? हिना मालक कव्हय गया वं?"

हा 'गेलेला' मालक, म्हणजे झुंबर, तेव्हा मांडवाच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्यांदा जिलबी घेत होता.

सरिता ही गोष्ट बायांना हसून सांगे. सुलाबाई हसली नाही. परतताना नव्वद किलोमीटर ती टेम्पोत तोंड मिटून बसली होती, आणि ती गप्प बसली म्हणजे काहीतरी शिजत असतं, हे झुंबरला लहानपणापासून माहीत होतं.

ते शिजलं चैत्रात, लग्नाच्या दिवशी. सोमवारी नामपूरला ओसरीवर चिमाजी कासार पेटी उघडून बसला होता. नवरीचा चुडा भरून झाला, मग घरच्या बायांचा. सरितानं हात पुढं केला आणि हळूच म्हणाली, "काका, अडीचच्या भरा."

"सव्वादोनच्या भर रे चिमाजी," मागून सुलाबाई म्हणाली. "सैल बांगडीला पाय फुटतात."

"आत्या, मला लागतील."

"लागू दे. आमाला भरल्या तेव्हा दोन बायांनी धरलं होतं."

ओसरीवर पंधरा-वीस बाया. सगळ्यांचे डोळे सरिताच्या मनगटावर. नाही म्हणायला तोंड लागतं, आणि सासरच्या ओसरीवर सुनेचं तोंड पेटीतल्या बांगड्यांसारखं कापसात असतं. चिमाजीनं तिचा अंगठा तळव्यात दुमडला, हाडं पिळली, "हात ढिला सोड, बहीण," असं मायेनं म्हणत बारा इकडं आणि बारा तिकडं अशा चोवीस हिरव्या बांगड्या चढवल्या. सरिताच्या डोळ्यांत पाणी आलं. बाया म्हणाल्या, सासूची माया बघून आलं.

त्या दिवशी हळदीकुंकवाचं ताट आलं तेव्हा सुलाबाईनं सुनेचा हात स्वतः धरून वर केला. बांगड्या वाजल्या. ताटवालीनं दोनदा कुंकू लावलं. सुलाबाईनं आजूबाजूला असं पाहिलं की जणू पंचायत समितीची निवडणूक जिंकली.

मंगळवारी दुपारी सगळे घरी पोचले. सरितानं लुगडी वाळत घातली आणि हात धुवायच्या निमित्तानं मोरीत बसून साबण लावला. पहिली बांगडी अंगठ्याच्या हाडापर्यंत आली आणि तिथं बसली, दारात बसलेल्या पाहुण्यासारखी. पुढंही जाईना, मागंही जाईना.

"काय करती गं?" सुलाबाई दारात उभी.

"काढते, आत्या. उद्या परदेशी सायब यायचाय. हात बघणार हाय."

"बघू दे की. हिरवा चुडा बघून डोळे निवतील त्याचे."

"काच आत नाय चालत."

"मग नगं जाऊ उद्याच्याला. लग्नाचा चुडा पाच दिस तरी ऱ्हाऊ दे. काम कुठं पळतंय?"

"पळतंय!" सरिता म्हणाली आणि मग तिच्याच्यानं राहवेना. मोरीत बसूनच, साबणाचे हात वर धरून तिनं सगळं सांगितलं. बारमाही. नऊ ते पाच. पहिलं टेबल. तिचं एकटीचं नाव.

सुलाबाई मोरीच्या उंबऱ्यावर टेकली.

"मला का नाय सांगितलं?"

"नजर लागती म्हणून."

"माझी?"

"नाय वो... कोणाचीबी."

"मी काय कोणीबी हाय?" सुलाबाई पदर खोचत म्हणाली. "स्नेहे, खोबरेल आण. आन् ती दुधाची रिकामी पिशवी."

मग दिवे लागेपर्यंत घर सरिताच्या दोन हातांवर राबलं. दुधाची पिशवी हातावर चढवून वरून बांगडी सरकवण्याची कासाराची युक्ती झाली. खोबरेल झालं, कपड्याचा साबण झाला, शेवटी झुंबरनं टेम्पोचं ग्रीस आणलं, त्याला सगळ्यांनी नाही म्हटलं. हात चोळून चोळून सुजला आणि सव्वादोनच्या बांगड्या दोनच्या झाल्या.

"फोडून टाका," स्नेहा म्हणाली.

झुंबरनं ग्रीसचा डबा खाली ठेवला. सवाष्णीच्या हातातला लग्नाचा चुडा, दुसऱ्याच दिवशी, आणि नवरा आग्रा रोडवर टेम्पो चालवणारा.

"फोड की," झुंबर म्हणाला. "मी असलं काय मानत नाय. आपण विज्ञानाचा माणूस." आणि उठून बाहेर गेला. थोड्या वेळानं सुयश बातमी घेऊन आला, "पप्पा चाकांची हवा बघताहेत. दुसऱ्यांदा."

"फोडायच्या नाय," सुलाबाई म्हणाली.

"आजी, थंडीत वस्तू आकुंचन पावते," स्नेहा म्हणाली. "हात गार केला तर बारीक होईल."

"मग बांगडीपण आकुंचन पावेल," सुयश म्हणाला. त्याला विज्ञानात आस्था नव्हती, बहिणीला हरवण्यात होती.

पण सुलाबाईनं तेल चोळता चोळता हात थांबवला. "पोरगी खरं बोलती. पौषात पहाटं पाणी भरायला जायचे तर माझ्या बांगड्या आपसूक हातावर उतरायच्या. दोन तर हिरीत पडल्या." ती आपल्या मनगटाकडं बघत म्हणाली, आणि मग बाहेरच्या रस्त्याकडं, जिथून अजून गरम वाफ येत होती. "पण आता पौष आणायचा कुठून?"

सरिता एकदम उठून बसली. "आमच्याकडं हाय. माल गार करायची खोली. तिथं बाराही महिने पौष असतो."

"मग मी येते उद्या," सुलाबाई म्हणाली. "माझ्या सांगण्यानं चढल्या, माझ्याच हातानं उतरतील."

बुधवारी सहाच्या आधी झुंबरनं दोघींना फाटकाशी सोडलं. जाताना तो आईला म्हणाला, "फोडायच्या नाय हां. म्हंजे मला काय नाय, पण तुलाच वाईट वाटंल." आणि टेम्पो अशा बेतानं चालवत निघाला की मागून एक सायकलवाला पुढं गेला.

भिमाबाई पट्टी घेऊन उभी होती. तिनं चोवीस बांगड्या पाहिल्या.

"सरिता, बांगड्या काढल्याशिवाय आत नाय."

"आत गेल्याशिवाय बांगड्या निघत नाय, मावशी."

भिमाबाईनं पाटी पुन्हा वाचली. पाटीत असल्या अडचणीचा विचार केलेला नव्हता. खंडेराव स्कूटरवरून आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "साहेब सातला येणार. आणि तू आज चुडा भरून आलीस? आजच?"

"तिनं नाय, मी भरला," सुलाबाई पुढं होऊन म्हणाली. "सायब, काचंची भीती ना तुमाला? तिचे हात पिशवीत बांधा. तुकडा झाला तर पिशवीत ऱ्हाईल."

खंडेरावांनी पाच वर्षं कॉलेजात घालवली होती, पण हे त्यांना सुचलं नसतं. दोन जाड पिशव्या आणून सरिताचे हात कोपरापर्यंत बांधले. सुलाबाईच्या डोक्यावर टोपी चढली, अंगावर पांढरा डगला आला. नियम म्हणजे नियम, म्हणून भिमाबाईनं तिलाही हात पुढं करायला लावले. नखं पाहिली, मनगटं उलटीसुलटी केली, कपाळ पाहिलं.

"आजी, तुमचे हात एकदम बरोबर हायेत," ती म्हणाली. "कायबी काढायला नको. जा."

सुलाबाई तशीच हात पुढं धरून उभी राहिली. "बारा वर्सं झाली या हातांना," ती हळूच म्हणाली. "बरोबर हायेत असं पयल्यांदा कोणी म्हटलं." मग पुढं मोठ्यानं, "चल गं, थंडी वाजायच्या आत."

खोलीत पेट्यांच्या थप्प्या छतापर्यंत होत्या आणि पंखे असे घोंघावत होते की जणू वरून आगगाडी जातेय. सुलाबाईनं तोंड उघडलं तर वाफ निघाली. "अगं बया, खरंच पौष हाय." दोघी एका रिकाम्या पाटावर बसल्या. सरिताचे हात पिशव्यांतून बाहेर काढून, पिशव्या मांडीवर पसरून, दोघी वाट बघत राहिल्या. बोटं गार झाली, मग बधिर झाली, मग निळसर दिसायला लागली. सूज हळूहळू उतरली. सुलाबाईनं तेलाची बाटली काखेत धरून गरम ठेवली होती. थेंब थेंब सोडला, सुनेचा अंगठा तळव्यात दुमडला.

"हात ढिला सोड."

"सोडलाय."

"सोडला नाय. दात आवळलेत तू. दात सोडले की हात सुटतो."

पहिली आली. दुसरी आली. सुलाबाई प्रत्येक बांगडी पदराला पुसून पिशवीत ठेवी. डावा हात मोकळा झाला. उजवा हात कामाचा, म्हणून जाड. त्यातल्या अकरा आल्या. शेवटची मात्र चिमाजीनं कुठल्या पेटीतून काढली होती कोण जाणे. ती हाडावर बसली आणि हलेना. तेल झालं, फुंकर झाली, देवाचं नाव झालं.

दारावर थाप पडली. "आटपा!" खंडेरावांचा आवाज. "गाडी फाटकाशी आली!"

सरितानं हात मागं घेतला. "ऱ्हाऊ द्या, आत्या. नशिबात नाय. पुढच्या वर्साला बघू."

सुलाबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग तो हात ओढून पुन्हा पिशवीत घातला, बांगडी बाहेरून दोन बोटांत धरली आणि दाबली. आवाज लहानसाच झाला. सरिताच्या तोंडून "आत्या!" निघालं, तोवर दोन तुकडे पिशवीच्या तळाशी पडले होते. कातडीला ओरखडाही नव्हता.

"माझ्या लेकाला एका बांगडीनं काय व्हत नाय," सुलाबाई म्हणाली. सुनेचा हात बाहेर काढून तिनं पिशवीच्या तोंडाला दोनदा गाठ मारली. "त्याला मातर सांगू नगं. जा, ऊठ, हात धू."

परदेशी साहेब उंच होता आणि सारखा घाम पुशीत होता. पहिल्या टेबलाशी सरितानं दोन्ही हात पुढं केले. दोन्ही मनगटांवर लाल वळ उठले होते. साहेबानं वाकून पाहिलं आणि खंडेरावांना काहीतरी विचारलं. चेहऱ्यावरून रोगबिग आहे की काय, असं विचारलं असावं. खंडेरावांनी इंग्रजीत उत्तर दिलं, त्यात 'मदर-इन-लॉ' एवढंच सरिताला कळलं. साहेबानं एकदम सहानुभूतीनं मान हलवली. त्या बाबतीत त्याच्याही देशात तोच प्रकार असावा. मग तो तिच्या टेबलाशी बराच वेळ उभा राहिला. तिनं एकामागून एक घड देठानं उचलले, मण्याला बोट लावलं नाही. तिच्या बोटांत अजून संवेदना आली नव्हती, त्यामुळं हात नेहमीपेक्षाही अलगद चालत होता.

सुलाबाई घरी गेली नाही. फाटकाबाहेर निंबाच्या सावलीत, आग्रा रोडकडं तोंड करून ती दिवसभर बसली. भिमाबाईनं तिला दोनदा चहा दिला, भाकरी विचारली. नको म्हणाली. जाणारा प्रत्येक टेम्पो तिनं नंबरासकट पाहिला, आणि वाचता येत नसताना पाहिला.

संध्याकाळी झुंबर आला तो घामाघूम, हात काळे. "वणीच्या फाट्याला टायर फुटला. चांगला होता, सकाळीच हवा बघितलेली. काय कळत नाय!"

"तुला लागलं?" सुलाबाई उठून उभी राहिली.

"मला काय लागतंय. उभ्या गाडीचा फुटला. मी चहा पीत होतो."

सुलाबाईनं वर आभाळाकडं पाहून हात जोडले. "एका बांगडीला एक टायर," ती सरिताच्या कानाशी पुटपुटली. "स्वस्तात सुटलो गं बाई."

"काय म्हणती आई?" झुंबरनं विचारलं.

"टायर म्हागले म्हणते," सरिता म्हणाली.

आठ दिवसांनी खंडेरावांनी नोटीस वाचल्यासारखंच सांगितलं की नाव कायम झालं. सरितानं घरी येऊन या वेळी आधी सासूला सांगितलं. सुलाबाईनं मीठ-मोहऱ्या घेतल्या, सुनेवरून उतरवल्या, मग थोडा विचार करून स्वतःवरूनही उतरवल्या, आणि उरलेल्या शेळीवरून.

वैशाखात द्राक्षं आटोपली. डाळिंबाच्या कामाचा पहिला दिवस पाचला सुटला. सरिता घरी पोचली तेव्हा साडेपाच वाजले होते आणि ऊन अजून अंगणात होतं. दिवसाउजेडी आई घरात असण्याचा पहिला तोटा सुयशच्या ध्यानात आला: तिनं वही मागितली. दुसरा स्नेहाच्या ध्यानात आला: आईनं तिला अंगणात उभं केलं, पाठीला पाठ लावली, आणि पोरगी आपल्यापेक्षा दोन बोटं उंच झालीय हे बघून एकदा हसली आणि एकदा डोळे पुसले.

मग ती भाकरीला पीठ काढायला निघाली.

"आत्ताच?" सुलाबाईनं चहाचा कप तिच्या हातात दिला. "अंधार पडायला दीड-दोन तास हायेत. बस."

"बसून काय करू?"

"कायबी नगं करू. बसतात कसं, ते तरी शीक."

सरिता ओट्यावर बसली. सूर्य चांगला वर होता. तिनं त्याच्याकडं एकदा संशयानं पाहिलं, आणि चहा प्यायला घेतला.